जीभ सोबत घ्या, स्टेलेनबॉशला निघालोय

पासपोर्ट घरीच राहू द्या. आपण 1980 सालच्या फेब्रुवारीत निघालोय, आणि त्या काळच्या भारतीय पासपोर्टवर स्पष्ट लिहिलेलं असायचं की हा दक्षिण आफ्रिकेसाठी चालणार नाही. व्यापार तर 1946 पासूनच बंद. सरळ वाटेनं जायची सोय नाही म्हटल्यावर काळाच्या मागच्या दारानं शिरायचं. मोबाइल ड्रॉवरमध्ये टाका. जुना सुती शर्ट घाला, जाड तळव्याचे बूट चढवा, डोक्याला टोपी घ्या. स्वेटरही घ्या. हो, तिकडे उन्हाळा आहे, तरी घ्या. अत्तर-बित्तर मात्र अजिबात नको, कारण आज सगळं काम नाकाला आहे.

झालं? मग डोळे मिटा. आता उघडा.

काहीच दिसत नाही ना? पहाट अजून फुटायची आहे आणि समुद्रावरून आलेलं धुकं थेट तुमच्या कॉलरमधून आत शिरतंय. स्वेटर का आणायला सांगितला ते कळलं असेल. फॉल्स बे नावाचा उपसागर इथून पाच-सहा किलोमीटरवर आहे. रात्रभर त्याचा गार श्वास या द्राक्षवेलींवर पडत असतो. पानाला हात लावा, बोटं ओली होतील. उजेड वाढला की एका बाजूला हेल्डरबर्गचा निळा डोंगर वर येईल, मग पांढऱ्या चुन्याच्या भिंतींचं, वळणदार कमानीच्या माथ्याचं जुनं डच घर दिसेल, आणि त्याच्या आसपास कबुतरांसाठी मुद्दाम बांधलेली ढाबळ. स्टेलेनबॉशजवळच्या या शेताचं नाव मेअरलुस्ट. 1756 पासून ते मायबर्ग घराण्याकडे आहे.

ट्रॅक्टरचा आवाज येतोय. बाजूला व्हा, नाहीतर चिखल उडेल. मागच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं माणसं उभी आहेत. बायकांनी डोक्याला रंगीत फडकी घट्ट बांधली आहेत, पुरुषांच्या लोकरी टोप्या कानांवर ओढलेल्या आहेत, आणि सगळ्यांची तोंडं एकाच वेळी चालू आहेत. भाषा आफ्रिकान्स, दक्षिण आफ्रिकेच्या या केप भागातल्या शेतमजुरांची, भरभर आणि निम्मी थट्टेत बोलली जाणारी. तुमच्याकडे पाहून एक मावशी काहीतरी म्हणते आणि अख्खी ट्रॉली हसते. तुम्हीही हसा. अर्थ कळला नाही तरी रोख कळलाच असेल: हा गडी दुपारपर्यंत टिकत नाही.

लाकडाच्या जाळावर काळ्या पडलेल्या डब्यात कॉफी उकळतेय. टवका उडालेला एनॅमलचा मग तुमच्या हातात येतो. ओठ भाजतो, चोथा दातांत अडकतो, धुराचा वास थेट डोक्यात जातो. प्या. पुढचा घोट बऱ्याच वेळानं मिळणार आहे.

आता कात्री घ्या आणि क्रेट उचला. मुकादम बोटानं तुमची ओळ दाखवतो. मांडव शोधू नका. इथले वेल जेमतेम कमरेएवढे, तारेवर बांधलेले, आणि घड गुडघ्याच्या आसपास लोंबतात. वाका. डावा हात घडाखाली, उजव्या हातानं देठावर कट, घड क्रेटमध्ये. पुन्हा वाका. पहिल्या वीस घडांत कौतुक असतं. पन्नासाव्याला कंबर बोलायला लागते. शंभराव्याला तुम्ही कंबरेशी बोलायला लागता.

नाशिककडच्या टपोऱ्या थॉम्पसनची सवय असेल तर हे घड पाहून तुम्ही नाक मुरडाल. मणी वाटाण्याएवढे, काळे-निळे, वर पांढरट लव. एक तोंडात टाका, कुणी बघत नाही. आधी साखरेचा इतका जोर, की खाण्याचं द्राक्ष यापुढे पाणचट वाटावं. मग जाड साल दाताखाली येते, बी फुटते आणि जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जीभ कोरडी, खरखरीत होऊन टाळूला चिकटते. हा तुरटपणा थुंकू नका. पुढची सगळी कथा त्याचीच आहे. लाल वाइनला रंग, ताठपणा आणि वर्षानुवर्षं टिकण्याची ताकद सालीतून आणि बियांतून मिळते. गर बिचारा मुख्यतः साखर आणि पाणी पुरवतो.

हे मर्लो आहे, तीन भावंडांतलं सगळ्यांत घाईचं. ते आधी पिकतं. शेजारच्या तुकड्यातलं कॅबर्ने फ्रां त्यानंतर येईल. आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉं सगळ्यांना ताटकळत ठेवून शेवटी. म्हणजे तोडणी आज संपली असं समजू नका. ही कंबर मार्चपर्यंत वाकलेलीच राहणार.

धुकं केव्हा गेलं कळलंच नाही, आणि आता ऊन मानेवर बसलंय. सावली शोधायची तर जरा सांभाळून. आपल्याकडे या दिवसांत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. इथे तो उत्तरेला आहे, आणि तुमच्या अंगातलं होकायंत्र पार गोंधळून गेलंय. हात कोपरापर्यंत चिकट. त्यावर धूळ, धुळीवर माशा, आणि क्रेटभोवती गांधीलमाश्यांची गर्दी. हवेत मोरंब्याचा वास, डिझेलचा वास, घामाचा वास. ओळीच्या पलीकडून कुणीतरी चर्चमधलं गाणं सुरू करतं, दुसरं कुणीतरी त्यात वात्रट शब्द घुसवतं, मुकादम ओरडतो, आणि गाणं आणखी मोठ्यानं सुरू होतं.

तेवढ्यात वारा सुटतो. सुटतो म्हणजे अंगावर धावून येतो. हा आग्नेयेचा वारा. केपची माणसं त्याला डॉक्टर म्हणतात, कारण तो शहराची हवा धुऊन काढतो. तुमची टोपी गेली, पाहा. धावू नका, ती आता पुढच्या शेतात आहे. दाराखिडक्या आपटणारा, डोळ्यांत माती घालणारा हा वारा वेलींना मात्र मानवतो. पानं कोरडी राहतात, बुरशी बसत नाही, आणि समुद्राच्या गारव्यामुळे मणी उन्हात उकडून निघत नाहीत. हळूहळू पिकतात, आंबटपणा धरून ठेवतात. फ्रान्सच्या बोर्दो भागातली द्राक्षं आफ्रिकेच्या टोकाला का रुजली, याचं निम्मं उत्तर तुमच्या उडालेल्या टोपीत आहे.

जेवणाची सुट्टी. घराच्या मागच्या अंगणात भट्टीतून नुकतीच काढलेली पावांची लादी ठेवली आहे. एक तोडा. बडीशेपेचा वास, गोडसर, लुसलुशीत. यात यीस्टची पुडी टाकलेली नाही. आंबत असलेला द्राक्षरस कणकेत घालून ती फुगवली आहे. म्हणून हे मोसबॉलेकी खास तोडणीच्या दिवसांतले. उरलेले वाळवून वर्षभर कॉफीत बुडवून खातात. तुम्ही चार खाल्लेत. मोजत नाहीये मी, ती मावशी मोजतेय.

चला, आता वाइन करायच्या इमारतीत. आत पाऊल टाकण्याआधी एक खोल श्वास घ्या, कारण आत तो नीट मिळणार नाही. दाराशीच यंत्राचा खडखडाट. एका बाजूनं घड पडतात, दुसऱ्या बाजूला नागवे देठ बाहेर फेकले जातात आणि फुटलेले मणी, साल, बी, रस असा सगळा लगदा नळीतून टाकीकडे जातो. फरशी पाण्यानं आणि रसानं निसरडी झालीय. रबरी बूट घातलेली पोरं पाइप ओढत धावतात. टाकीत डोकावायचा मोह होईल, पण सांभाळून. आंबणारा रस कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि तो वायू न दिसता टाकीत साचून राहतो. जुनी माणसं पेटती मेणबत्ती खाली सोडून बघायची. ज्योत विझली की उतरायचं नाही. वाइनच्या तळघरात बेशुद्ध होऊन मेलेल्यांमध्ये पिऊन मेलेले कमीच असतील.

टाकीला हात लावा. गरम लागते ना? बाहेरून कुणी तापवलेली नाही. साखरेची दारू होताना ती स्वतःच तापते. वर सालींचा जाड थर तरंगतोय, जांभळा, फसफसणारा. तो कोरडा पडला तर आंबून सगळी टाकी बिघडवेल. म्हणून खालचा रस पंपानं उपसून पुन्हा पुन्हा त्याच्यावर सोडायचा. दिवसा, रात्री, रविवारी. फवारा पडतो तसा वास बदलतो: आधी कुस्करलेलं फळ, मग पाव, मग काहीतरी तिखट, नाकाच्या शेंड्याला झोंबणारं.

टाकीपाशी उभा असलेला, हातवारे करून बोलणारा माणूस जॉर्जो दल्ला चिया. इटलीच्या फ्रिउली भागातून आलेला, 1978 पासून इथे वाइन करतोय. आणि शेताचे मालक निको मायबर्ग. या दोघांच्या डोक्यात एक खूळ आहे. तेव्हा केपमध्ये चांगली लाल वाइन म्हणजे एकाच द्राक्षाची वाइन, आणि त्यातही कॅबर्ने सोव्हिन्यॉंचा मान मोठा. मिसळलेली वाइन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उरलंसुरलं एकत्र ओतलेला स्वस्त माल यायचा. निको मायबर्ग बोर्दोला जाऊन आले. तिथली समुद्राजवळची हवा त्यांना घरच्यासारखी वाटली. आणि एक गोष्ट डोक्यात बसली की तिथली नावाजलेली शेतं दोन-तीन द्राक्षांची वाइन वेगवेगळी करतात आणि मग मुद्दाम, विचार करून मिसळतात. पार्लजवळच्या वेल्खमीन्ड या छोट्या शेतावर बिली हॉफमायर यांनी 1979 च्या पिकापासून तसा प्रयोग नुकताच केलेला आहे. आता मेअरलुस्टची पाळी.

संध्याकाळी शेताबाहेरच्या रस्त्यानं थोडं चाला. खोऱ्यातल्या एका शेताच्या फाटकाशी रांग लागलीय. प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा मग. पिंपातून स्वस्तातली वाइन मापानं ओतली जाते, माणूस उभ्या उभ्या पितो, मिशी पुसतो आणि पुढचा येतो. याला डॉप म्हणतात. मजुरीचा काही भाग पैशांऐवजी असा पाजायची चाल केपमध्ये गुलामगिरीच्या काळापासून होती. कायद्यानं ती 1980 च्या कितीतरी आधी बंद झालेली, तरी अनेक शेतांवर चालूच होती. रांगेतल्या माणसाच्या तोंडाचा वास तुम्हाला येतो: आंबट, शिळा. सकाळी हाच माणूस तुमच्या शेजारच्या ओळीत गात असेल. एकाच खोऱ्यात, एकाच वाऱ्यावर पिकलेल्या या दोन वाइन. एक बाटलीत जाऊन वर्षानुवर्षं जपली जाणार, दुसरी मगात पडून रात्रीत घरं उद्ध्वस्त करणार.

शनिवारी सुट्टी. केप टाउनला जाऊ. स्टेशनवर पाय दुखले म्हणून दिसेल त्या बाकावर टेकू नका. पाटी वाचा. तुमच्या कातडीचा रंग पाहून तुम्ही कुठल्या बाकावर बसायचं ते आधीच ठरलेलं आहे. उभ्यानंच जाऊ. अथलोन भागात एका कोपऱ्यावरच्या दुकानात शिरा. आधी नाकाला कळेल: धणे, जिरं, वाळलेली मिरची, साबण आणि रॉकेल. काउंटरमागचा माणूस आतल्या खोलीकडे वळून बायकोला हाक मारतो, आणि तुमचे कान टवकारतात. कोकणी मुसलमानांची बोली! रत्नागिरी आणि कुलाबा पट्ट्यातली माणसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केप टाउनला येऊन दुकानं टाकत आली. तुम्ही मराठीत बोलताच तो काउंटर सोडून बाहेर येतो. कुठल्या गावचे, पाऊस कसा झाला, बोट अजून चालते का? तुम्ही कशासाठी आलात हे मात्र सांगू नका. वाइनचं नाव काढलंत तर कपाळाला आठ्या पडतील. चहा प्या, समोसा खा, लोणच्याची बाटली घ्या आणि निघा.

आता काळ थोडा पुढे ढकलू. जुलै. बाहेर पाऊस आहे, पण आपल्यासारखा उबदार नाही. हाडात शिरणारा, आडवा, गार पाऊस. वेली उघड्या, काळ्या. तीच माणसं गोणपाट खांद्यावर घेऊन काड्या छाटतायत, बोटं निळी पडलीत. आपण पिंपांच्या खोलीत जाऊ. एकदम शांत आणि अंधार. ओलं लाकूड, व्हॅनिला, किंचित धूर. फ्रेंच ओकची ही पिंपं 225 लिटरची. ती वाकवताना आतून आगीवर शेकतात, त्याचा तो वास. लाकडातून थोडी हवा आत जाते, थोडी वाइन बाहेर उडून जाते, म्हणून पिंप अधूनमधून काठोकाठ भरत राहायचं. त्या इवल्याशा हवेनं तुरटपणाची धार हळूहळू बोथट होते. त्याला महिने लागतात. वर्षही लागतं. इथे घाई फक्त उंदरांना.

आता या, टेबलाशी बसा. पांढरा कागद, पेन्सिल, मापाची काचेची नळी, तीन ग्लास आणि थुंकायची बादली. हो, थुंकायचं आहे. गिळत बसलात तर अर्ध्या तासात तुमच्या मताला किंमत राहणार नाही.

पहिला ग्लास कॅबर्ने सोव्हिन्यॉंचा. रंग काळपट, वास काळ्या करवंदी फळांचा आणि देवदाराचा. तोंडात घेताच ती ताठ उभी राहते. सुरुवात झकास, शेवट लांबलचक, पण मधे पोकळी. जीभ आणि टाळू यांच्यामध्ये काहीतरी राहून गेलंय. दुसरा ग्लास मर्लोचा. मऊ, गुबगुबीत, पिकल्या आलूबुखारचा. मधली जागा बरोब्बर भरते, पण पाठीचा कणा नाही. दोन मिनिटांत कंटाळा येईल. तिसरा कॅबर्ने फ्रांचा. अंगानं बारीक, पण वास घ्या: चुरडलेली हिरवी पानं, फुलं, नुकती तासलेली पेन्सिल.

आता तुमच्या हातानं मिसळा. समजा सत्तर भाग पहिली, वीस दुसरी, दहा तिसरी. हलवा, हुंगा, घोट घ्या, थुंका, लिहा. मर्लो पाच भागांनी वाढवा. बिघडलं? फ्रां थोडी जास्त. आता वास वर आला, पण शेवट तुटला. पुन्हा. दहाव्या नळीपर्यंत तुमचे दात निळे होतात, जीभ बधिर होते, आणि मग अचानक एक घोट असा येतो की त्यात तिन्ही द्राक्षं वेगवेगळी शोधूनही सापडत नाहीत. सांधा कुठेच लागत नाही. हीच ती. तुम्ही विजयानं ग्लास वर धरता. जॉर्जो हुंगतात, खांदे उडवतात आणि म्हणतात की उद्या सकाळी, भरल्या पोटी नव्हे, पुन्हा बघू.

त्या 1980 च्या पिकाची वाइन 1983 मध्ये बाजारात आली. नाव ठेवलं रुबिकॉन. परतीचा रस्ता बंद करून ओलांडलेली सीझरची ती नदी. नाव खरं ठरलं. कॅनॉनकॉप शेताची पॉल सॉअर नावाची तशीच मिसळलेली वाइन 1981 च्या पिकापासून सुरू झाली, आणि पुढे स्टेलेनबॉशच्या चांगल्या शेतावर बोर्दो शैलीची लाल वाइन नसेल तर लोक कारण विचारू लागले. मेअरलुस्टनं 2002 चं पीक मनासारखं उतरलं नाही म्हणून त्या वर्षी रुबिकॉन काढलीच नाही. माल कमी प्रतीच्या नावानं विकला. मिसळणं म्हणजे दोष झाकणं, हा जुना समज खोडायला एवढं पुरे.

आता तुमच्या वर्षात परत या. दात घासा, निळे आहेत.

आणि खरी बाटली घ्यायला निघाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. मागच्या लेबलवर कॅबर्ने सोव्हिन्यॉं, मर्लो, कॅबर्ने फ्रां यांतली किमान दोन नावं असतील तर ती या घराण्यातली. मुंबई-पुण्याच्या खोलीत ठेवलेली तशीच ओतू नका. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून अठरा अंशांच्या आसपास आणा. तरुण असेल तर तासभर आधी भांड्यात ओतून हवा लागू द्या. बरोबर सुकं मटण ठेवा, तुरटपणा चरबीपुढे नमतो.

शेवटची गोष्ट चवीची नाही. डॉप पाजायची चाल मोडली, पण तिचं देणं फिटलेलं नाही. आईच्या पोटातच दारूनं इजा झालेल्या मुलांचं प्रमाण पश्चिम केपच्या वाइनपट्ट्यात जगातल्या सर्वांत जास्त नोंदींपैकी आहे. 2002 मध्ये तिथे वायटा नावाची संस्था उभी राहिली. मजुरी, घरं आणि कामाच्या अटी तपासून ती शेतांना प्रमाणपत्र देते, आणि पात्र बाटल्यांवर तिचा शिक्का असतो. दुकानात दोन बाटल्यांपैकी एक निवडायची वेळ आली, तर शिक्का असलेली घ्या.